डावीकडचा आवाज

माझी आत्या तिच्या नवऱ्याच्या गाडीत कायम मागे बसायची. आतोबा गाडी चालवायचे, त्यांच्या डावीकडची सीट रिकामी, आणि मागच्या सीटवर एका कडेला पर्स मांडीवर धरून आत्या. कॉलनीत नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं, कुणा मोठ्या बाईंना त्यांचा ड्रायव्हर कुठेतरी सोडायला निघालाय. जुनी माणसं त्यावर काही बोलत नसत. फारच झालं तर एखादा फाटकातून हात करायचा, "बाईसाहेब निघाल्या वाटतं!" आणि आत्या हसून हात हलवायची.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा आतोबा मला न्यायला स्टॅंडवर आले होते. बॅग मागे टाकून मी सवयीने पुढचं दार उघडलं.

"मागे बस," ते म्हणाले.

"मागे बॅग आहे ना. मी पुढे बसते की."

"मागे बस बाळा. तिथे बसायला माणूस आहे."

सीटवर कुणीही नव्हतं. पट्टा मात्र आडवा ओढून नीट लावलेला होता. मला वाटलं, वाटेत कुणाला तरी घ्यायचं असेल. आम्ही थेट घरी आलो. उतरताना आतोबांनी आधी डावीकडे वाकून तो पट्टा सोडला आणि मग स्वतःचा सोडला.

त्या दिवशी मी आत्याला विचारलं तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "विचारू नकोस. सवय होईल." आणि खरंच झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

आतोबांना कारखान्यात सगळे 'स्टिअरिंग' म्हणत. ही मी यायच्या कितीतरी वर्षं आधीची गोष्ट. तेव्हा देशाची स्वतःची मोटार निघायची होती. त्याआधी रस्त्यावर धावणारी प्रत्येक गाडी बाहेरून आलेली. कुणाकडे नवी, कुणाकडे तिसऱ्या हातातली, पण बाहेरचीच. मग सरकारने ठरवलं की आपण आपली गाडी करायची. तिला कागदोपत्री एक भारदस्त नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. लोक तिला 'आपली' म्हणायला लागले. "तुम्ही कुठली घेणार?" "थांबतोय हो, आपली येऊ दे." शाळेतली मुलंसुद्धा तिची चित्रं काढत, आणि तिने अजून कारखान्याचं फाटक ओलांडलं नव्हतं.

आतोबा तिचे पहिले चाचणी ड्रायव्हर. खडी, चिखल, घाट, जिथे म्हणून गाडी मोडू शकते तिथे ती न्यायची आणि मोडायचा प्रयत्न करायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या डावीकडे बसायचा तो इंजिनिअर. काटकुळा, जाड चष्म्याचा, सतत काहीतरी चघळणारा. गाडीचा पुढचा सगळा भाग, म्हणजे चाकं वळतात कशी, खड्डा झेलतात कशी, ते त्याने आखलेलं. दोघांचं भांडण रोजचं. आतोबा म्हणायचे, "तुझी गाडी बैलासारखी वळते." तो म्हणायचा, "तू बैलासारखी वळवतोस." आणि संध्याकाळी दोघं एकाच बाकावर चहा पीत. सुट्टीच्या दिवशी इंजिनिअरची बायको, त्यांची नुकती चालायला लागलेली छोटी, माझी आत्या, असे सगळे एकत्र. आतोबा इंजिनिअरच्या बायकोला वहिनी म्हणायचे, ती यांना भाऊजी. आत्याला मूल नव्हतं. छोटी अर्ध्याहून अधिक वेळ आत्याच्याच कडेवर असायची.

गाडी लोकांसमोर आणायची तारीख ठरली. मंडप पडला. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी घाटातून परत येताना इंजिनिअर म्हणाला, "डावीकडून आवाज येतोय. थांबव."

आतोबांनी थांबवली. दोघं उतरले. चाक वर उचललं, हलवून पाहिलं, खाली आडवं पडून पाहिलं. काही सापडेना. आवाज म्हणजे वळणावर बोटं मोडल्यासारखी एक कटकट, बाकी काही नाही. इंजिनिअर कपडे झटकत म्हणाला, "चल. शेडमध्ये जाऊन सगळं उघडू. हळू घे." आतोबांनी हळूच घेतली. दोन-तीन वळणं गेली. मग तो डावीकडे कान करून म्हणाला, "थांबला बघ आवाज."

बस, एवढंच. पुढच्या उतारावर डावं चाक धरून ठेवणारा सांधा तुटला, चाक आत दुमडलं आणि गाडी पुलाच्या कठड्यावर गेली, डाव्या बाजूने.

हे सगळं मला आतोबांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. कॉलनीला माहीत होतं ते वेगळंच. कॉलनीला माहीत होतं की स्टिअरिंगने उतारावर गाडी सुसाट सोडली, तोल गेला, आणि एक हुशार पोरगा हकनाक गेला.

ही दुसरी गोष्ट कुठून आली? आतोबांच्याच तोंडून.

ते दवाखान्यात होते. पाय मोडलेला, बरगड्या गेलेल्या. कारखान्याचे मोठे साहेब एकटेच भेटायला आले. स्टूल ओढून बसले. आतोबांनी आवाजाचं सांगितलं. साहेब म्हणाले, "सांधा तुटला हे आम्हाला कळलंय. गाडी उघडून पाहिली."

"मग?"

"मग काय. आधीच सगळं जग म्हणतंय की यांना गाडी जमणार नाही. आपलीच माणसं म्हणतात. आता ती लोकांपुढे यायच्या आत तिचं चाक निखळलं असं बाहेर गेलं, तर तिच्यात कोण बसेल? गाडीचं नाव एकदा गेलं की गेलं. माणसाचं तसं नसतं. चार दिवस लोक बोलतात, मग सोडून देतात."

आतोबांनी विचारलं, "आणि सांधा?"

"बदलतोय. एकही गाडी तो सांधा घेऊन बाहेर जाणार नाही. माझा शब्द."

साहेबांनी शब्द पाळला. "तीच तर पंचाईत झाली," आतोबा मला म्हणाले. "खोटा निघाला असता तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या."

दोष अंगावर घ्यायला त्यांनी होकार का दिला? नोकरीसाठी नव्हे, भीतीनेही नव्हे. त्यांचं म्हणणं असं की इंजिनिअरने सगळी उमेद त्या गाडीत घातली होती. ती गाडीच बुडाली तर त्याचं मागे राहिलं काय? त्या पलंगावर पडल्या पडल्या त्यांना ते अगदी बरोबर वाटलं. दुसऱ्या दिवशी वहिनी आली, कडेवर छोटीला घेऊन. बसली नाही. तिने एकच विचारलं, "वेग किती होता?"

"जास्त होता, वहिनी," आतोबा म्हणाले.

तिने छोटीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. राहायची दोन गल्ल्या सोडून, त्याच कॉलनीत. बाजारात समोर आली की रस्ता ओलांडून जायची. आत्याशीही तिने संबंध तोडला, आणि आत्याच्या कडेवरची छोटी त्या दिवशी गेली ती गेलीच.

आतोबांना चाचणीवरून काढलं. त्यांना काम दिलं ते शेडच्या शेवटच्या टोकाला. गाडी तयार होऊन बाहेर पडली की ती चालवत आवारात न्यायची आणि ओळीत लावायची. 'आपली' जितकी वर्षं निघाली, तितक्या बहुतेक सगळ्या गाड्यांना पहिल्यांदा चालवणारा माणूस तोच, आणि चालवायचं किती, तर शेडपासून कुंपणापर्यंत. सीटवर प्लॅस्टिक, आत रंगाचा वास. कुंपणाजवळ ते प्रत्येक गाडी एकदा पूर्ण डावीकडे वळवायचे, काच खाली करून ऐकायचे आणि मगच लावायचे. मुकादम ओरडायचा, "स्टिअरिंग, गाडी लाव, लग्नाला न्यायची नाहीये!" ते ऐकून घ्यायचे.

तिथेच इंजिनिअर पहिल्यांदा परत आला. आतोबांनी मला जसं सांगितलं तसं सांगते, मी माझ्या पदरचं काही घालत नाही. भर दुपारी, नव्या कोऱ्या गाडीत, डाव्या सीटवरचं प्लॅस्टिक कुणी बसावं तसं दबलं आणि कानाशी आवाज आला, "थांबव." त्यांनी ब्रेक दाबला. उतरून चाक पाहिलं. सगळं ठीक. पुढच्या गाडीतही तेच. ते घाबरले नाहीत. म्हणाले, "मला वाटलं, बरं झालं, हा आहे. कामाला आलाय."

पुढे कामगारांच्या योजनेतून त्यांना स्वतःची गाडी मिळाली, सायीच्या रंगाची. पहिल्या दिवशी आत्या हौसेने पुढे बसायला गेली. आतोबांनी दाराला हात लावला आणि नुसते उभे राहिले. आत्या त्यांच्या तोंडाकडे बघून मागे जाऊन बसली.

'आपली'चे दिवस काही काळ बरे गेले. बाहेरच्या गाड्यांवर जबर कर होता, त्यामुळे घेणाऱ्याला दुसरा इलाज नव्हता. लोक घ्यायचे आणि नावं ठेवायचे. म्हणायचे, 'आपली' घेतली की शेजाऱ्यांशी ओळख होते, ढकलायला चार जण लागतात. म्हणायचे, तिच्या काचा वर करायला गडी ठेवावा लागतो. तरी पण लांबच्या प्रवासात वाटेत दुसरी 'आपली' दिसली की दोघंही दिवे मिचकवायचे. मग कर उतरला, बाहेरच्या गाड्या शोरूममध्ये चकचकायला लागल्या, आणि 'आपली'कडे कुणी ढुंकून पाहीना. कारखाना आधी एका पाळीवर आला, मग आठवड्यातले तीन दिवस, मग फाटकाला कुलूप. कॉलनीतली निम्मी घरं रिकामी झाली. आतोबांची गाडी तेवढी राहिली, तिचे भाग कुठून कुठून जमवून त्यांनी ती चालती ठेवली. ती वाजायची चिक्कार. दारं वाजत, डिकी वाजे. मी एकदा म्हटलं, "आतोबा, गॅरेजवाल्याला दाखवा ना, केवढा खुळखुळाट आहे."

"असू दे," ते म्हणाले. "वाजतंय तोवर काळजी नाही."

मागच्या सीटवरून मी कितीदा ऐकलंय. सिग्नलला थांबलं की ते हळूच डावीकडे म्हणायचे, "हो, ऐकलं." कधी, "नाही रे, ते बाहेरचं आहे." कधी नुसतं, "हं." माझ्या अंगावर काटा यायचा. आत्या खिडकीबाहेर बघत बसायची, जसं काही कुणी रेडिओ लावलाय.

कारखाना बंद पडून दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा बातमी आली की देशाची गाडी पुन्हा निघणार. नवी कंपनी, बॅटरीवर चालणारी गाडी, जागा तीच. फाटक रंगवलं, शेडचे पत्रे बदलले. मी तोवर त्याच शहरात नोकरीला लागले होते आणि आतोबांकडेच राहत होते. जिथे तिथे हाच विषय. आमच्या ऑफिसात एक जण म्हणायचा, "बॅटरी बाहेरची, मोटर बाहेरची, काच बाहेरची. आपलं काय? नंबरप्लेट!" दुसरा म्हणायचा, "पहिल्यांदा सगळं बाहेरूनच येतं हो, हळूहळू शिकतात." तिसरा म्हणायचा, "मागच्या वेळीही हेच म्हणत होतो आपण." आतोबा या चर्चेत कधी पडले नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "निघू दे. बघू."

आणि एका रविवारी संध्याकाळी आमच्या दारात एक तरुण बाई उभी राहिली. कापलेले केस, पायात जाड बूट, खांद्याला कंपनीची पिशवी. आत्याने दार उघडलं आणि तिथेच भिंतीला धरून उभी राहिली.

"छोटी?" ती म्हणाली.

"आत येऊ का, काकू?"

छोटी आता नव्या कंपनीत चाचणी विभागात होती. आतोबा बैठकीच्या खोलीत होते. उठायला गेले, पण मोडका पाय पटकन सरळ होईना. तिने त्यांना बसवलं, स्वतः समोर बसली. मग तीच म्हणाली, "काका, मी भांडायला आलेली नाही. आईला माहीत नाही मी आलेय ते. आई म्हणते, गाडी चांगली होती, माणूस चुकला. त्या एका गोष्टीवर तिने मला ही नोकरी करू दिली. म्हणते, तुझ्या बाबांची गाडी खोटी नव्हती. मला फक्त बाबांबद्दल ऐकायचंय. गाडीत कसे बसायचे, काय बोलायचे. सांगणारं दुसरं कुणी उरलं नाही."

आतोबांनी सांगितलं. चघळण्याचं, भांडणांचं, बैलासारख्या वळणाचं. ती हसली, डोळे पुसले. आत्याने चहा आणला. सगळं सैल झालं. मग ती तिच्या कामाबद्दल बोलायला लागली. लवकरच गाडी लोकांपुढे येणार होती, धावपळ चाललेली. म्हणाली, "आमच्या गाडीनेही मला छळलं हो थोडं. पुढून डावीकडून एक आवाज यायचा. सगळे म्हणत होते, नवी गाडी आहे, बसेल हळूहळू. आणि खरंच, परवापासून आपोआप थांबला."

आतोबांच्या हातातला कप खाली पडला. ते उठले, मोडका पाय असून उठले, आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"त्या गाडीत बसू नकोस," ते म्हणाले. "उद्या बसू नकोस. मी सांगतो म्हणून बसू नकोस."

"काका, काय झालं?"

"आवाज थांबला ना? तसाच थांबला होता. तो म्हणाला, थांबला बघ. मी हळू होतो गं. आम्ही हळू होतो."

मग सगळं बाहेर आलं. सांधा, साहेब, दवाखाना. ते सांगत होते आणि तिचं मनगट सोडत नव्हते. तिनेही सोडवून घेतलं नाही. सांगून झाल्यावर ती उठली, पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, "आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार." तिचा चेहरा तापातून उठलेल्या माणसासारखा दिसत होता.

ती गेल्यावर मी आत्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"मला कशाला सांगायला हवं?" आत्या कपाचे तुकडे गोळा करत म्हणाली. "इतकी वर्षं मी त्यांच्या मागेच बसते. हे त्याच्याशी बोलतात ते मला सगळं ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी छोटीने गाडी उचलून चाक उघडायला लावलं. वरच्या लोकांची कुरकुर झाली, तिने ऐकलं नाही. सगळा पुढचा भाग सुटा केला. सांधे धड होते, एकूण एक. चाकामागच्या प्लॅस्टिकच्या पडद्याची एक खुंटी सैल झाली होती, ती वाजायची. ती कुठेतरी गळून पडली म्हणून आवाज थांबला. बाकी काही नाही. तिने फोन करून आतोबांना सांगितलं. ते "बरं झालं, बरं झालं" म्हणत राहिले. गाडीत काही नव्हतं. पण जे बोललं गेलं होतं ते आता परत घेता येणार नव्हतं.

दोन दिवस ते घरात येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चला." आम्ही तिघं निघालो. दोन गल्ल्यांचं अंतर, पण पायामुळे त्यांनी गाडी काढली.

वहिनींनी दार उघडलं. मी त्यांना लांबूनच पाहिलं होतं आजवर. जवळून त्या खूप लहानखुऱ्या वाटल्या. नाकावर माशी बसू न देणारी बाई असा त्यांचा लौकिक. त्यांनी आम्हाला आत घेतलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. इंजिनिअरचा फोटो टेबलावर, शेजारी 'आपली'चं लाकडी खेळणं. आतोबा उभ्यानेच बोलले. फार थोडक्यात. वहिनी शांतपणे ऐकत होत्या.

"वहिनी, काहीतरी बोला," आतोबा म्हणाले.

"काय बोलू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही मला इतकी वर्षं चुकीच्या माणसाचा राग करायला लावलात. मी तुमचं वाईट चिंतलंय भाऊजी, मनापासून. तुमचा पाय दुखावा, तुम्हाला सुख लागू नये, असं. तुमच्या घरात मूल झालं नाही तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता हे मी कुठे नेऊन टाकू? त्या साहेबावर? तो गेला कधीच. गाडीवर? तीही गेली."

आत्या पुढे झाली. वहिनींनी हात वर केला. "तू थांब. तुला माहीत असणारच. तू मला बाजारात रोज बघत होतीस."

आत्या तशीच मागे सरली. आम्ही बाहेर आलो.

गाडीत बसलो. आतोबांनी डावीकडचा पट्टा लावला, स्वतःचा लावला, किल्ली फिरवली. गल्लीच्या टोकाला त्यांनी एकदम ब्रेक दाबला. मागून येणारा स्कूटरवाला शिव्या देत बाजूने निघून गेला.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"बोलत नाहीये," आतोबा म्हणाले.

त्यांनी काच खाली केली, इंजिन बंद केलं, डावीकडे वाकले. रस्त्यावर पोरं खेळत होती, कुठेतरी नळ वाहत होता. ते ऐकत राहिले. मग सीटवर हात ठेवला, सपाट, जसा आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी भीती मी त्याआधी पाहिली नव्हती. इतकी वर्षं ज्याच्यामुळे मला काटा यायचा तो नाहीसा झाला होता, आणि आता खरी भुताटकी सुरू झाली असं मला वाटलं. शेवटी गाडी मीच घरी आणली. आतोबा मागे आत्याच्या शेजारी बसले, परक्याच्या गाडीत बसावं तसे.

त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी घराच्या मागे उभी राहिली. ते कधीमधी जाऊन दार उघडून बसायचे, थोड्या वेळाने उठून यायचे. आत्या विचारायची, "काही?" ते नकारार्थी मान हलवायचे. एकदा मला म्हणाले, "मी त्याला सोबत समजत होतो. तो अडकून बसला होता का गं? मी धरून ठेवलं होतं का?" मला काय कळणार होतं त्यातलं.

नवी गाडी लोकांपुढे आली. मंडप, फुलं, भाषणं. आतोबांना बोलावणं आलं होतं, पहिल्या गाडीचा पहिला चालक म्हणून पुढच्या रांगेत बसायला. त्यांनी छोटीला निरोप दिला की मी येईन, पण तेव्हा काय झालं ते कुणीतरी माईकवरून दोन वाक्यांत सांगावं. छोटीने वर विचारलं. वरचे लोक फार गोड बोलले आणि म्हणाले, यंदा नको. आतोबा गेले नाहीत. छोटी गेली, तिचं कामच होतं. गाडी दिसायला चांगली आहे. चालते कशी ते लोक हळूहळू सांगतील. पहिल्या महिन्यात बऱ्याच जणांनी नाव नोंदवलं, पुढे वेग मंदावला. कंपनी टिकेल की नाही यावर आमच्या ऑफिसात अजून वाद होतात. कुणी म्हणतं, पाच वर्षं धीर धरला तर नक्की. कुणी म्हणतं, बाहेरच्यांनी भाव पाडला की झोपेल. छोटीला विचारलं तर ती म्हणते, "मला माझ्यापुरतं माहीत आहे. माझ्या गाडीत आवाज आला तर ती उभी राहणार, बाहेर कितीही मोठा माणूस खोळंबला असला तरी." असं म्हणताना ती अगदी तिच्या आईसारखी दिसते.

पावसाळा संपता संपता वहिनी आमच्याकडे आल्या. आत्याने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. वहिनी आत येऊन आतोबांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"भाऊजी, मला झोप लागत नाही," त्या म्हणाल्या. "तुमची चूक होती तोवर मला लागायची. मी पोरीला त्या नोकरीत पाठवलं ते त्याच भरवशावर. गाडी चांगली होती, माणूस चुकला. माणूस बदलता येतो. आता ती रोज गाडी घेऊन घाटात जाते आणि मी घरात बसून कान देते. कशाला कान देते तेही कळत नाही."

"तिला सोडायला सांगू का नोकरी?" आतोबांनी विचारलं.

"ऐकेल ती?"

"नाही."

"मग नुसतं बोलायचं कशाला," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दमल्या होत्या. "तुम्ही मला खरं सांगितलंत ते चांगलं केलंत की वाईट, मला ठरवता येत नाही. पण सांगितलंत तर आता निस्तरा. संध्याकाळी ती यायच्या वेळेला मी एकटी बसू शकत नाही."

तेव्हापासून आतोबा रोज उन्हं कलली की काठी घेऊन दोन गल्ल्या चालत जातात. कधी आत्याही जाते. वहिनींच्या ओट्यावर दोन खुर्च्या टाकलेल्या असतात. फारसं बोलत नाहीत कुणी. मी एकदा ऑफिसातून येताना तिथे थांबले. वहिनी शेंगा निवडत होत्या, आतोबा कारखान्याच्या रस्त्याकडे तोंड करून बसले होते. नव्या गाड्यांना आवाज नसतो, बॅटरीवर चालतात, त्यामुळे ती येतेय हे वळणावर दिसेपर्यंत कळत नाही. शेंगा संपल्या तरी वहिनींची बोटं रिकाम्या ताटात फिरत होती. दिवेलागण झाली, समोरच्या घरातला टीव्ही लागला. मी उठायला लागले तेव्हा आतोबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "तू जा. आम्ही बसतो अजून जरा. आज तिला घाटात दोन फेऱ्या आहेत."